चार लाख श्वास

सोमकुवरांना वेळ विचारायची नाही, हे आमच्या छापखान्यात सगळ्यांना माहीत होतं. नव्या माणसाला मात्र आम्ही ते मुद्दाम सांगत नसू. तो बिचारा सहज विचारायचा, "सोमकुवरजी, ते सर्कशीचं पोस्टर केव्हा होईल?" सोमकुवर फळीवरून नजर काढत नसत. एक मिनिट जायचं, दुसरं जायचं. यांना कमी ऐकू येतं की काय, असं वाटून तो पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तर यायचं.

"दोन हजार श्वास."

"म्हणजे?"

"म्हंजे दोन हजार डाव घ्याचा, दोन हजार डाव सोडाचा. मंग या."

आणि पटाशी पुन्हा सुरू. उत्तराला एवढा उशीर का, तर श्वास सोडतानाच लाकूड कापायचं आणि घेताना हात थांबवायचा, हा त्यांचा रिवाज. बोलायलाही श्वासच लागतो. तो कापण्यातून काढायचा म्हणजे हातातली रेघ पुरी होईपर्यंत समोरच्यानं थांबलंच पाहिजे.

त्यांचं सगळं आयुष्य असं श्वासांत मोजलेलं होतं. पाचपावलीतल्या घरापासून सदरमधल्या आमच्या छापखान्यापर्यंत सायकलनं साडेतीनशे. मे महिन्यात साडेचारशे. चहा पिऊन होईपर्यंत चाळीस. सर्दी झाली की स्वतःच जाहीर करत, "आज माह्या हिशेबावर जाऊ नका जी." आमचे शेठजी यानं फार कावत. गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि हे म्हणणार नऊशे श्वास. "अरे बाबा, घडी में बताओ, घडी में!" शेठजी ओरडत. सोमकुवर म्हणत, "शेठजी, घडी बंद पडते. हे बंद पडलं तर मंग पोस्टराची कोनाले पडली हाय?"

एकदा मी हातातलं घड्याळ काढून त्यांच्या नकळत मोजलं. माझे मिनिटाला पंधरा श्वास होत होते. सोमकुवरांचे नऊ. म्हणजे शेठजींनी दोन हजार श्वास ऐकून सव्वादोन तासांचा हिशेब धरायचा आणि पोस्टर निघायचं पावणेचार तासांनी. एवढी वर्षं हा घोळ का होतो आहे ते मला कळलं, पण मी शेठजींना सांगितलं नाही. छापखान्यात करमणुकीची साधनं तशी कमीच होती.

मी तिथे प्रूफं तपासायला होतो. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस. हा धंदा एकदा अंगात मुरला की सुटत नाही. लग्नाच्या जेवणात मीठ कमी आहे हे मला कोणी न विचारता समजतं आणि मी ते कोणी न विचारता सांगतो. सोमकुवर माझ्याच खोलीत, खिडकीपाशी, खाली सतरंजीवर बसत. शिशाचे खिळे लहान अक्षरांना ठीक असतात, पण भिंतीवर लावायच्या पोस्टराला वीतभर नि हातभर अक्षर लागतं. ते लाकडातच कोरावं लागतं, आणि कागदावर सुलटं उमटायचं तर फळीवर उलटं कोरावं लागतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. नवशिके हमखास इथे फसतात. हौसेनं सुलटं कोरून बसतात आणि छापल्यावर कपाळाला हात लावतात.

सोमकुवर कधी फसले नाहीत. अठरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो, अठरा वर्षं प्रत्येक पोस्टर डोळ्यांत तेल घालून तपासलं, आणि अठरा वर्षांत मला त्यांची एकही चूक सापडली नाही. याचं मला दुःख होतं हे मी कबूल करतो. उलटं लिहिण्याचा हात इतका बसलेला की एकदा तंद्रीत त्यांनी हजेरीपटावर सही उलटी केली. शेठजींनी ती माझ्यापुढे धरली. मला वाटलं, आता सापडले. पण सही उजेडासमोर धरून मागून पाहिली तर वेलांटीसुद्धा जिथल्या तिथे होती.

हे श्वासाचं खूळ त्यांच्या डोक्यात कोणी घातलं, याची एक कथा होती. मी छापखान्यात यायच्या आदल्याच वर्षीची. त्यांच्या वस्तीतल्या विहारात एक जपानी भिक्खू पावसाळ्याचे चार महिने वर्षावासाला राहिला होता. तो लाकडात बुद्धाची चित्रं कोरून कागदावर उतरवायचा आणि लोकांना वाटून टाकायचा. वस्तीतल्या कोणी तरी सांगितलं की आपल्यातही एक जण लाकूड कोरतो. तेव्हापासून चार महिने, कामावरून आले की सोमकुवर त्याच्यासमोर जाऊन बसत. भिक्खूला मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं. सोमकुवरांना जपानी यायचा प्रश्नच नव्हता. तरी सोमकुवरांच्या बोलण्यात दर चौथं वाक्य "भंतेजी म्हनत" असं सुरू व्हायचं. भंतेजी म्हनत, कापू नका, लाकडाले वाट द्या. भंतेजी म्हनत, शाई कमी, सबूर जास्त.

मी एकदा पकडलंच. "सोमकुवर, भंतेजी हे म्हणाले कोणत्या भाषेत?"

पटाशी थांबली. रेघ पुरी झाली. "म्हनले कुठी? म्हनले नाही, म्हनून तर समजलं."

आता याचं प्रूफ कसं तपासायचं?

भिक्खू जाताना त्यांना एक चकती देऊन गेला होता. दोरीची गुंडाळी करून वरून बांबूचा सुका पापुद्रा ताणून बसवलेली. फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि या चकतीनं हलक्या हातानं घासत बसायचं. छापखान्यात दोन-दोन ट्रेडल धडधडत असायचे, तासाला हजार प्रती काढणारे, आणि त्यांच्या मधोमध हा गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत एका कागदाच्या पाठीवर चकती फिरवत डोळे मिटून बसलेला. फोरमन म्हणायचा, "याईले भाकर भाजाले बसवा, सगळ्या फुगतीन."

अशी काढलेली त्यांची स्वतःची चित्रं मला कळत नसत. अख्खा पांढरा कागद आणि खालच्या कोपऱ्यात एक वाटी. दुसऱ्या कागदावर खाटेचे दोन पाय, बाकी खाट नाहीच. मी म्हटलं, "सोमकुवर, यात तर काहीच नाही."

"हाय ना. कागद हाय."

"तो मी आणतो हो रीमनं."

"तो कोरा असते. हा रिकामा हाय."

चित्रकलेच्या कॉलेजातले एक प्राध्यापक पोस्टर छापायला आले होते. त्यांनी ती वाटी पाहिली आणि ते खालीच बसले. "अहो, हे तर शुद्ध झेन आहे!" असं म्हणून अर्धा तास त्यांनी शून्यावर व्याख्यान दिलं. सोमकुवरांनी नम्रपणे ऐकून घेतलं. ते गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" सोमकुवर म्हणाले, "चांगले हायेत. पन श्वास लय वाया घालवते मानूस."

लाकडातली गाठ ते कधी काढत नसत, बुजवतही नसत. एका सर्कशीच्या पोस्टरवर हत्तीच्या कपाळावरच गाठ आली. शेठजी म्हणाले, फळी बदला. सोमकुवर म्हणाले, "गाठ पयले आली, हत्ती मागून आला." शेठजी संतापले, दोन दिवस बोलले नाहीत. पण सर्कशीचा मॅनेजर पोस्टर पाहून खूश. "वाह, हाथी को टीका लगाया!" त्यानं आणखी पाचशे प्रती मागवल्या. शेठजींनी मग बाहेरच्या लोकांना सांगायला सुरुवात केली की ही कल्पना मूळ त्यांचीच.

थोडक्यात, माणूस विक्षिप्त पण निरुपद्रवी, असं माझं मत होतं. त्यांच्या घरच्या गोष्टी मी कधी विचारल्या नाहीत आणि त्यांनी सांगितल्या नाहीत. बायको फार लवकर गेली, काविळीनं, लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच. आणि मुलगी सुजाता त्यांनी आणि त्यांच्या आईनं वाढवली, एवढं माहीत होतं. आई पुढे वारली. सुजाता शिकून म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण झाली. बोलायला बापाच्या नेमकी उलट. एका श्वासात चार वाक्यं.

तिचं लग्न ठरलं, मुलगा भिलाईला पोलादाच्या कारखान्यात. पत्रिका अर्थातच आमच्याकडे. मजकूर घेऊन ती स्वतः आली. मी कंपोझ करून घेतला, प्रूफ काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ती वाचत वाचत एका ओळीवर थांबली. 'कालकथित चंद्रभागाबाई' अशी, दिवंगत आईच्या नावाची, ती ओळ होती.

"काही चूक आहे का?" मी विचारलं. माझ्या मनात दुसरं काही येतच नाही.

"चूक नाही, काका." ती खिडकीकडे वळली. "बाबा, मायचं नाव छापून झालं. चेहरा कधी छापता?"

सोमकुवर कोरत होते.

"फोटो काढाचा राहून गेला, ठीक आहे. आजी म्हने, तुह्या बापाले येते चित्र काढता, तो काढन. मी पाचवीत असल्यापासून मागून राहिली. तुमी सर्कशीच्या हत्तीचं काढता, वाटीचं काढता, खाटेचं काढता. मायचं काहून नाही काढत? मी आता भिलाईले चालली. तिथं कोनी विचारलं, तुझी माय कशी होती वं, तर मी काय सांगू? मले एकच गोष्ट माहीत हाय. तिच्या डाव्या गालावर तीळ होता. तेबी मौद्याच्या मावशीनं सांगतलं. बस. माह्याजवळ मायचा एक तीळ हाय."

ट्रेडलचा आवाज चालू होता. मला काही तरी विनोद करून प्रसंग हलका करावासा वाटला, पण पोरीचे डोळे भरले होते. बऱ्याच वेळानं सोमकुवरांचा हात थांबला.

"चार लाख," ते म्हणाले.

सुजातानं तत्काळ माझी पेन्सिल घेतली आणि प्रुफाच्या पाठीवर भागाकार मांडला. मास्तरीणच ती. मिनिटाला पंधरा, तासाला नऊशे. "झोपेतले धरून?" तिनं विचारलं.

"झोपेतले काय श्वास नसतात?"

"साडेअठरा दिवस," ती म्हणाली आणि तिचा चेहरा खुलला. लग्नाला वीस दिवस होते. "बरोबर बसते!"

आणि तिथे मी ती चूक काढली. काढायला नको होती. "पोरी," मी म्हटलं, "कोणाच्या श्वासानं? तुझा बाप मिनिटाला नऊच घेतो." मी स्वतःच पेन्सिल घेऊन दाखवलं. एकतीस दिवस. लग्न होऊन ती भिलाईत अकरा दिवस राहिलेली असेल तेव्हा.

ती पत्रिकेवर सही करून निघून गेली. सोमकुवरांनी माझ्याकडे पाहिलं. "मोजाची काय गरज होती जी?" एवढंच म्हणाले. अठरा वर्षांत त्यांनी मला लावून बोललेलं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले. बारा-तेरा दिवसांनी सुजाता पुन्हा छापखान्यात आली. उरलेल्या पत्रिका नेल्या आणि दारातच थांबली. "काका, एकदा घरी येता काय? बाबा नुसते फळीसमोर बसून राहतात. एक रेघ नाही काढली. पाहुणे येऊन राहिले, मंडपवाला विचारून राहिला, अन् हे डोळे मिटून बसलेले. मी काही म्हनत नाही त्याईले. पन आता सात दिवस राहिले."

मी त्या रविवारी गेलो. दोन खोल्यांचं घर, चुना नुकताच मारलेला. भिंतीवर बाबासाहेब, शेजारी बुद्ध, खाली सोमकुवर. पुढ्यात शिवणीच्या लाकडाची हातभर लांबीची फळी, घासून घासून गुळगुळीत केलेली. मी चेष्टेनं सुरुवात केली. "काय सोमकुवर, हेसुद्धा रिकामंच ठेवता की काय?"

ते हसले नाहीत. बाजूची ट्रंक पुढे ओढून त्यांनी उघडली. आत फळ्या होत्या, पंचवीस-तीस तरी, सगळ्या कोऱ्या.

"या नव्या नोहे," ते म्हणाले. "सगळ्याईवर तिले काढलं. मंग रंधा मारला. वीस वर्सं झाले, पाठकजी. नाक येते तं डोळे जातात. डोळे आले का हासनं जाते. मी पोस्टरात राक्षस काढतो, हेमामालिनी काढतो, कोनबी वळखते. अन् हिले काढलं का कोनी दुसरीच बाई येऊन बसते. मंग मले भेव वाटते."

"कसलं?"

"का मी विसरलो. पोरीले काय, तिनं पाह्यलंच नाही. जे देईन ते मानून घेईन. पन मले तं मालूम राहीन ना, का हे खोटं हाय."

इतकी वर्षं मी त्या संथपणाची टिंगल केली होती. हा माणूस श्वास मोजतो, रेघ मारायला तास लावतो, आणि मला वाटायचं की हा फार सुखी आहे, याला कशाची घाई नाही. त्याला भीती वाटत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला मी म्हटलं, "मग मावशीला बोलवा. ती सांगेल नाक कसं, डोळे कसे."

"तिची बहीन वेगळी," सोमकुवर म्हणाले. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी फोरमन, मी आणि शेठजी मदतीला म्हणून गेलो. शेठजींची मदत म्हणजे खुर्चीवर बसून मंडपवाल्यावर ओरडणं. अंगण माणसांनी भरलेलं. मौद्याची मावशी, चंद्रभागाबाईंची धाकटी बहीण अनुसया, बायकांमध्ये बसून तांदूळ निवडत होती. भोंग्यावर गाणी लागली होती, मागे आचारी बुंदी पाडत होता. सुजाता पाहुण्यांना चहा देत होती आणि मधूनमधून आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत होती. चार दिवस ते दार बंद होतं. आतून पटाशीचा आवाज येतो, एवढंच तिनं मला सांगितलं.

दार उघडलं. सोमकुवर फळी घेऊन बाहेर आले, ती पोरगं धरावं तशी कापडात गुंडाळलेली होती. त्यांनी ओट्यावर सतरंजी घातली, शाईचा रूळ आणि चकती काढून ठेवली आणि अंगणाकडे पाहून हात जोडले.

"सगळ्याईनं तीनशे श्वास गप राहाचं," ते म्हणाले.

लग्नघराला गप्प बसवणं काय असतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. भोंगा बंद झाला. बायका गप्प झाल्या. आचाऱ्याला कढई उतरवता येईना, तर तो झारा हवेत धरून तसाच उभा राहिला आणि त्याच्या मागे बुंदी करपू लागली. शेठजी मोठ्यानं "कितने मिनट?" म्हणाले आणि त्यांना फोरमननं पहिल्यांदाच दटावलं. सोमकुवरांनी आमच्याकडे पाठ करून कापड काढलं, शाई लावली, पातळ कागद अलगद टेकवला आणि चकती फिरवायला लागले. माझ्या लक्षात आलं की शंभरेक माणसं त्यांच्याबरोबर श्वास घेत होती. मीही घेत होतो. मिनिटाला नऊच.

कागद उचलला. सोमकुवरांनी तो दोन्ही हातांनी धरून आमच्याकडे वळवला.

पंचवीस वर्षांची एक बाई होती. मान किंचित कललेली, एक हात केसांत, ओठ मिटलेले, पण हसू आवरताना मिटतात तसे. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी मला खात्री वाटली की ही अशीच असणार.

"माय वं!" अनुसया मावशीच्या मांडीवरचं सूप कलंडलं. "चंद्री हाय! आमची चंद्रीच हाय हे!" ती धावत पुढे आली आणि कागदाला हात लावायला गेली, आणि थबकली. डोळे बारीक केले. "पन भाऊजी... तीळ उजव्या गालावर काहून?"

सगळ्या बायका पुढे सरकल्या. खरंच, तीळ उजव्या गालावर होता. सुजातानं चहाची थाळी खाली ठेवली. आईबद्दल तिला ठाऊक असलेली एकच गोष्ट, आणि तीच चुकली होती.

आता मी काय केलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी म्हटलं, "सोमकुवर, उलटं झालं." हळहळूनच म्हटलं. पण माझ्या आवाजात कुठे तरी अठरा वर्षांचा विजय होता, आणि तो मलाही ऐकू आला. नवशिक्याची चूक! चेहरा फळीवर सुलटाच कोरला आणि छापताना तो फिरला.

"उलटं नाही झालं जी," सोमकुवर शांतपणे म्हणाले. "बराबर हाय."

"काय बराबर हाय?" मावशी रडवेली झाली. "माह्या सख्ख्या बहिनीचा तीळ मले नाही मालूम?"

सोमकुवरांनी कागद दोरीवर लावला, दोन चिमटे लावले, आणि तिथेच उभे राहून, आमच्याकडे न पाहता बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

"तवा ही एकच खोली होती. माय, बाप, दोन भाऊ अन् आमी. नवऱ्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहाची सोय नव्हती. माय खोकलाची, बाप खाकराचा. बोलनं तं दूरच. मी चार वर्सं तिच्या तोंडाकडे दिवसाउजेडी समोरून पाह्यलंच नाही. सकायी ती त्या खुंटीवरच्या आरशापुढं बसून वेणी घालाची. मी मागं पटाशीले धार लावत बसो. पाठमोरी ती, अन् आरशात तिचं तोंड. तिबी मले आरशातूनच पाहे. माय समोर राहे, तरी तिले पत्ता नाही. तथं हासाची ती. तेवढंच आमचं होतं." ते थांबले. "वीस वर्सं मी तिले समोरून काढत होतो. तुमी सगळे सांगता तशी. म्हनून ती येत नव्हती. मी तिले तशी पाह्यलीच नव्हती ना. माह्यासाठी तिचा तीळ याच गालावर होता."

अंगणात कोणी काही बोललं नाही. यासाठी कोणाला सांगावं लागलं नव्हतं. मावशीनं पदर तोंडाला लावला. मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

सोमकुवर खाली बसले. सवयीनं त्यांचा हात रंध्याकडे गेला. स्वतःच्या चित्राची एक प्रत निघाली की फळी रंधून साफ करायची, असा त्यांचा शिरस्ता होता. रंधा फळीला टेकणार, तेवढ्यात सुजाता ओट्यावर चढली आणि तिनं फळीच उचलली. हाताला, नव्या लुगड्याला शाई लागली. तिनं फळी उजेडात तिरपी धरली आणि बराच वेळ पाहिली.

"मावशे," तिनं हाक मारली. "इकडे ये. हे पाह्य."

मावशीनं वाकून पाहिलं. मीही पाहिलं. शाईनं काळी झालेली, ओली फळी. तिच्यावर तोच चेहरा, तेच मिटलेलं हसू. आणि तीळ डाव्या गालावर.

"हो वं," मावशी म्हणाली, "हे माही बहीन."

"बाबा," सुजाता म्हणाली, "कागद तुमी ठेवा. मले हे द्या. मी भिलाईले फळी घेऊन जातो."

"लय जड होईन तुले," सोमकुवर म्हणाले.

"होऊ द्या."

सोमकुवरांनी हातातला रंधा खाली ठेवला. "शाई वाळू दे मंग," ते म्हणाले, "लुगड्याले लागून राहिली." आणि मुलीच्या डोक्यावर त्यांनी मनगटानं हात फिरवला, कारण बोटं काळी होती.

पुढे सगळं लग्नघरासारखं झालं. भोंगा लागला, करपलेल्या बुंदीवरून आचारी आणि शेठजी यांचं भांडण झालं, आणि पंगत बसली. जेवून मी हात पुसत मंडपात आलो तेव्हा चष्मा ओट्यावर विसरल्याचं आठवलं. परत गेलो. अंगण रिकामं होतं. सोमकुवर ओट्यावर एकटेच, हात धुऊन, डोक्यावरचे केस नीट बसवून, दोरीवरच्या कागदासमोर मान खाली घालून बसले होते. मी मंडपाच्या खांबाआड थांबलो.

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग अंगणाच्या दोन्ही टोकांना पाहिलं. आई नव्हती, वडील नव्हते, भाऊ नव्हते, घरात वडीलधारं असं कोणीच उरलं नव्हतं. तरी त्यांनी नीट खात्री करून घेतली. मग हळूच मान वर करून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पन्नाशीला आलेला तो माणूस कानापर्यंत लाजला.